छंदामुळं मैत्रीचं मोल कळलं, असं तुमच्या बाबतीत झालंय का?

तुम्ही लिहिलंय की बदलीमुळं नव्या गावात आलाय, ओळखीचं कुणी नाही, आणि जो तो सांगतो की एखादा छंद लावून घे, माणसं आपोआप भेटतील. तुमची शंका अशी की छंद ही तर एकट्यानं करायची गोष्ट. त्यातून खरे मित्र मिळतात का, की नुसत्या ओळखी वाढतात?

मी परभणीत राहतो, नोकरी ऑफिसातली, आणि छंद म्हणाल तर दुर्बिणी बनवायचा आणि त्यातून आकाश बघायचा. एकट्यानं करायला याच्याइतका सोयीचा छंद दुसरा नसेल. रात्रीची वेळ, घराची गच्ची आणि एका वेळी एकाच डोळ्याला वापरता येईल असं यंत्र. तरी यातूनच मला दोन मित्र मिळाले. एक फर्निचरचं काम करणारे मिस्त्री, दुसरे औंढ्याकडचे एक शेतकरी, त्यांना सगळे आबा म्हणतात. भेट झाली तेव्हा दोघांनाही दुर्बिणीचं काही पडलेलं नव्हतं. म्हणून 'समविचारी माणसं शोधा' हा सल्ला मी तुम्हाला देणार नाही. समविचारी माणसं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर शेकड्यांनी आहेत. फोटो टाकतात, अंगठे देतात, चांगली माणसं आहेत, पण रात्री दोन वाजता ट्रायपॉडचा पाय धरायला त्यातलं कुणी येत नाही.

दुर्बिणीचा आरसा घासणं म्हणजे काय, ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. सहा इंच व्यासाच्या जाड काचेच्या दोन चकत्या घ्यायच्या. एक ड्रमवर पक्की बसवायची, दुसरी तिच्यावर ठेवायची, मधे कार्बोरंडमची, म्हणजे काच घासायची कठीण पूड आणि पाणी. वरची चकती पुढं-मागं ढकलत राहायचं, अधूनमधून ती थोडी फिरवायची, आणि आपण ड्रमभोवती एकेक पाऊल सरकत राहायचं. एवढंच. ना साचा, ना मशीन. पण हे करत राहिलं की वरची काच आपसूक खोलगट होते आणि खालची फुगीर. माझ्या आरशाचं नाभीय अंतर, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश आरशापासून जितक्या लांब एकवटतो ते, १२०० मिलिमीटर ठेवायचं होतं. त्यासाठी मधोमध जी खोली लागते ती सव्वा मिलिमीटरही नाही. ८० नंबरच्या पुडीनं सुरुवात होते, ती चांगली खरखर वाजते. आवाज मंदावला की समजायचं पूड मेली, नवी टाका. मग १२०, २२०, ४००, ६०० असं बारीक होत जायचं. नंबर बदलताना ड्रम, बादली, हात, अंगावरचे कपडे, सगळं धुऊन काढायचं, कारण जाड पुडीचा एखादा कण जरी मागं राहिला तरी काचेवर असा ओरखडा उठतो की मुकाट्यानं मागच्या नंबरावर जावं लागतं.

मिस्त्री आमच्या घरी आले होते स्वयंपाकघरात ट्रॉल्या बसवायला. चहाचा कप हातात घेऊन ते अंगणात आले आणि मी ड्रमभोवती फेऱ्या मारतोय हे बराच वेळ बघत राहिले. शेवटी म्हणाले, "कुणाचा नवस फेडायलाव भाऊ?"

मी सगळं समजावून सांगितलं. तारे, आरसा, प्रकाश. त्यातलं त्यांच्या कानात काही शिरलं असं वाटलं नाही. पण पुडीच्या डब्यांवरचे आकडे वाचले आणि एकदम जवळ येऊन बसले. "हे तर आमचेच नंबर की." पॉलिश पेपरलाही हेच आकडे असतात, ८०, १२०, २२०. माझ्या लक्षात कधी आलं नव्हतं. त्यांनी हात धुतले, पुसले, काच मागून घेतली आणि खिडकीच्या उजेडात तिरपी धरून पाहिली. त्या दिवसापासून कामावरून घरी जाताना ते आमच्या अंगणात डोकावायला लागले. विषय एकच, काच कुठवर आली.

घासकाम संपलं आणि पॉलिश सुरू झालं तेव्हा मे महिना लागला होता. परभणीचा मे काय असतो ते मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. पॉलिशसाठी खालच्या चकतीवर राळेचा थर ओततात, त्यात खाचा पाडून चौकोन करतात आणि त्यावर सिरियम ऑक्साइडचं पाणी घालून आरसा चालवतात. पण राळ ही उन्हाची वैरीण. दुपारी बारा वाजता ती पसरायला लागायची, खाचा बुजून जायच्या. म्हणून काम पहाटे करायचं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं, माझ्यापुरतं. दुसऱ्या दिवशी फजरची नमाज करून मिस्त्री थेट फाटकात हजर. "थंडाव्यात दोघं मिळून करू, लवकर होईल." मग रोजचंच झालं. एकाचे दंड भरले की दुसरा धरायचा.

इथं एक गोष्ट घडली. काच चमकायला लागली की हातातलं काम कधी एकदा संपेल असं होतं. मधला भाग आधी उजळतो आणि कड शेवटपर्यंत राखी राहते. सगळं झालं असं मानून आरसा मुलामा चढवायला पाठवायच्या बेतात मी होतो. मिस्त्रींनी तो ट्यूबलाइटखाली धरला, फिरवला, पुन्हा धरला. "मधी झालंय. कडंला जाळी हाय अजून." माझ्या बाकीच्या मित्रांनी आणि घरच्यांनी "वा, मस्त झालंय" म्हटलं होतं. मिस्त्रींनी "नाही" म्हटलं, आणि म्हणून मी त्यांच्यावर विसंबलो. नंतरही त्यांचा हाच स्वभाव मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला.

पुढची परीक्षा फूकोची. एकोणिसाव्या शतकात या फ्रेंच शास्त्रज्ञानं आरसा तपासायची जी पद्धत काढली, ती आजही कुणालाही घरात करता येते. घरातला बोळ अंधारा करायचा. एका टोकाला स्टँडवर आरसा. आठ फुटांवर एक बारीक फट, तिच्यामागं एलईडी, आणि शेजारी दाढीचं ब्लेड. आरशावरून परत आलेला प्रकाश ब्लेडच्या धारेनं हलकेच कापायचा आणि ब्लेडमागं डोळा लावायचा. आरशाचा पृष्ठभाग मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका जरी चुकलेला असला तरी तिथला उंचसखलपणा सावल्यांमधून दिसतो. एकट्यानं करायचं तर या टोकाला बघा, उठा, तिकडं जाऊन स्क्रू फिरवा, परत या. आम्ही दोन टोकांना दोघं बसलो. मी म्हणालो, "जरा आरशावर अंगठा टेकवा." त्यांनी थोडा वेळ टेकवून काढला. इकडं मी बघतो तर अंगठा होता त्या जागी सरळ टेंगूळ आलेलं! बोटाच्या उबेनं काच फुगली होती. मी त्यांना या टोकाला बोलावलं आणि अंगठा लावायला स्वतः तिकडं गेलो. ब्लेडमागून आवाज आला, "या अल्ला, हे तुमचं बोट?" मग पुन्हा जागा बदलल्या, पुन्हा बदलल्या. टेंगूळ हळूहळू विरताना बघायचं आणि पुन्हा उठवायचं. पन्नाशीला टेकलेली दोन माणसं त्या बोळात काय करतायत ते बघायला बायको आली आणि कपाळाला हात लावून गेली.

दुर्बिणीचा सांगाडा मिस्त्रींनीच बनवला. डॉब्सन पद्धतीचा, म्हणजे प्लायवूडचा खोका, टेफ्लॉनच्या पट्ट्या आणि त्यावर सरकणारा सनमायका. ही पद्धत काढणारे जॉन डॉब्सन सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त आश्रमातले संन्यासी होते. गरीबातल्या गरिबालाही रस्त्यावर उभं राहून चंद्र बघता यावा म्हणून टाकाऊ सामानातून दुर्बिणी करायचे. मिस्त्रींना ही गोष्ट एवढी आवडली की मजुरी घ्यायला तयार होईनात. प्लायचे पैसे घेतले. मजुरीचा विषय काढला तर म्हणाले, "मजुरी लावायची तर पहाटेचा पण हिशोब मांडावा लागंल, मग तुमाला परवडायचं नाही."

नळी मिळाली आबांकडून. परभणी शहरातल्या उजेडात आकाशगंगा दिसत नाही, हायमास्टचे दिवे लागल्यापासून तर गच्चीवर पेपर वाचता येतो. जिंतूर-औंढ्याच्या डोंगराळ भागात मात्र अजून चांगला काळोख आहे. मिस्त्रींनी आबांच्या घराचे दरवाजे केले होते, त्या ओळखीवर आम्ही त्यांच्या रानात गेलो. सिद्धेश्वर धरणावरून केलेल्या लिफ्टच्या पाईपलाईनचा आठ इंची तुकडा गोठ्यामागं पडलेला होता, तो त्यांनी "न्या की, नाहीतरी साप बसतेत त्यात" म्हणून देऊन टाकला.

आबांची आणि आमची दोस्ती महावितरणच्या वेळापत्रकानं केली म्हणा ना. शेतीची थ्री-फेज लाईट आलटूनपालटून रात्रीची असते. हिवाळ्यात गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचं तर शेतकऱ्याला मध्यरात्री उठून मोटार चालू करावी लागते, वाफे मोडावे लागतात, विंचू-काट्यातून बारं धरावं लागतं. आम्ही हौसेनं जागे, ते नाइलाजानं. पहिल्या रात्री मला याची थोडी लाजच वाटली. मिस्त्रींनी पँट वर केली, खोरं घेतलं आणि आबांच्या बरोबर बारं मोडायला गेले. वाफा भरेपर्यंत आबा दुर्बिणीशी, मग आबा वाफ्याकडं आणि मी किंवा मिस्त्री त्यांच्याबरोबर. हा पाळ्यांचा रिवाज तेव्हापासून आहे.

आणि आकाशाची ओळख तर आबांनाच आमच्याहून आधीपासूनची. मृगाचे मधले तीन तारे म्हणजे तिकांडं, ते कुठं आलंय यावरून ते रात्र किती उरली ते सांगतात. सप्तर्षींना म्हातारीचं बाजलं म्हणतात. चार खूर आणि ते चोरून न्यायला आलेले तीन चोर. मी त्यांना देवयानी दाखवली, २५ लाख प्रकाशवर्षांवरची दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचा प्रचंड मोठा समूह. ते म्हणाले, "लई लांब हाय." आणि मोटार बघायला गेले. योग्य प्रतिक्रिया!

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडं येतो. वृषभ राशीत एक अंधुक डाग आहे, खेकडा तेजोमेघ. इ.स. १०५४ मध्ये चिनी लोकांनी दिवसाढवळ्या दिसणारा नवा तारा नोंदवून ठेवला. तो एका ताऱ्याचा स्फोट होता, त्यात उडालेला हा मलबा. तेव्हा आपल्या या भागावर कल्याणीच्या चालुक्यांचं राज्य होतं. सहा इंची दुर्बिणीतून तो जेमतेम दिसतो, म्हणजे दिसतो की आपण दिसायला लावतो हेच कळत नाही. अंधाराला डोळा सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. शिवाय थेट बघितलं तर डाग गायब होतो, कारण डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मध्यभागी मंद उजेड टिपणाऱ्या पेशी नसतातच, त्या कडेला असतात. म्हणून नजर जराशी बाजूला ठेवून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघावं लागतं. असं बघताना मन फार फसवं होतं. डाग असेल असं पुस्तकानं सांगितलेलं असतं, म्हणून तो दिसायला लागतो.

आम्ही यावर एक तोडगा काढला. जो आधी बघेल त्यानं तोंड उघडायचं नाही. कागदावर एक गोल काढायचा, आजूबाजूचे ठळक तारे मांडायचे आणि डाग जिथं वाटला तिथं पेन्सिलीनं टिंब द्यायचं. मग दुसऱ्यानं बघून आपला कागद करायचा. शेवटी लाल उजेडात दोन्ही कागद शेजारी धरायचे. टिंबं जुळली तर दिसलं, नाहीतर नाही. पहिल्या हिवाळ्यात मिस्त्री प्रत्येक वेळी कोरा कागद पुढं करायचे. "मला काही दिसंना भाऊ." माझ्या कागदावर टिंब असायचं, जागाही पुस्तकाप्रमाणं बरोबर असायची, आणि तरी मला ते जमेस धरता येत नव्हतं. दुसऱ्या हिवाळ्यात एका रात्री, वारा पडलेला होता, दव अजून धरलेलं नव्हतं, त्यांनी खूप वेळ डोळा लावून ठेवला. कागद दिला. टिंब होतं, माझ्या टिंबाच्या अगदी जवळ, आणि त्यांनी ते किंचित लांबट काढलं होतं. मी लांबटपणाबद्दल त्यांना कधी काही बोललो नव्हतो. पुस्तक तर त्यांनी उघडलंच नव्हतं. तो तेजोमेघ मी खऱ्या अर्थानं त्या रात्री पाहिला असं मी धरतो.

मैत्रीचं मोल म्हणून तुम्ही जे विचारताय ते माझ्यापुरतं एवढंच आहे. ज्याचं 'नाही दिसलं' खरं असतं त्याच्याच 'दिसलं'वर भरवसा ठेवता येतो. असा माणूस ऑफिसात सापडणं अवघड, नात्यात त्याहून अवघड, कारण तिथं खरं बोलण्याची किंमत मोजावी लागते. छंदात कुणाचं काही अडलेलं नसतं.

२१ डिसेंबर २०२० ला गुरू आणि शनी इतके जवळ आले होते की दोन्ही दुर्बिणीच्या एकाच दृश्यात मावत होते, कडी आणि चंद्रांसकट. १६२३ नंतर ते इतके जवळ आले नव्हते. संध्याकाळी नैऋत्येला, क्षितिजापासून थोडेच वर, त्यामुळं वेळ फार कमी. आबांनी गावात सांगून ठेवलेलं, तोंडाला रुमाल बांधून ही रांग! मिस्त्री रांग सांभाळत होते आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होते, "किती दिसायलेत? खरं सांगा, लाजू नका." एका आजींनी ठामपणे "एकबी नाही" म्हटलं, तर त्यांच्यासाठी रांग थांबवून स्टूल आणलं.

दुःखाचं जास्त लिहीत नाही. वडील गेले त्या साली माझं आकाश बघणं सुटलं, दुर्बीण माळ्यावर गेली. मिस्त्री भेटायला आले तेव्हा गप्प बसून होते, चहाही घेतला नाही. काही महिन्यांनी एका रविवारी हत्यारांची पिशवी घेऊनच दारात उभे. "प्लायला वाळवी लागती भाऊ, खोका बघून जातो." खोका खाली काढला, पुसला, सगळे सांधे ठोकून बघितले. वाळवी नव्हती. असणार नव्हतीच, तो मरीन प्लाय होता, त्यांनीच निवडून आणलेला, आणि मला तेव्हा पटवून दिलं होतं की याला वाळवी धरत नाही. खोका काही पुन्हा माळ्यावर चढवला नाही.

आम्ही अजून एकमेकांना अहोजाहोच करतो. त्यांच्या धाकट्या मुलाचं शिक्षण किती झालंय हे मला नक्की सांगता येणार नाही, माझा पगार त्यांना माहीत नाही. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, आमच्या महिनोन्महिने गाठी पडत नाहीत. ढगात बघायचं काय? दसरा झाला की फोन येतो. काही लोकांना ही मैत्री अर्धवट वाटेल. मला तसं वाटत नाही, पण तुम्हाला जर रोज मन मोकळं करायला माणूस हवा असेल, तर छंदातून तो मिळेलच असं मी म्हणणार नाही. ती गरज वेगळी आहे.

आता औंढ्याजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहणार आहे हे तुम्ही वाचलं असेल. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, गुरुत्वीय लहरी टिपायच्या, एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं २,६०० कोटींची मंजुरी दिली. मी मिस्त्रींना सांगितलं की अमेरिकेतल्या लायगोत ४० किलोचे आरसे टांगलेले आहेत आणि त्यांचं पॉलिश जगात नावाजलेलं आहे. ते विचारात पडले. मग म्हणाले, "कड कुणी तपासली म्हणावं?"

तर तुम्हाला सांगायचं ते इतकंच की छंद निवडताना जरा हातानं काम करावं लागेल असा निवडा. नुसतं बघायचा, ऐकायचा, वाचायचा छंद दार लावून होतो. ज्यात काहीतरी उचलावं लागतं, धरावं लागतं, धुवावं लागतं, त्यात शेजारचा माणूस 'हे काय चाललंय' म्हणून थांबतो. तो थांबला की त्याला माहिती सांगत बसू नका, हातात वस्तू द्या. आणि गावातल्या क्लबात नाव घालायचं असेल तर जरूर घाला. संभाजीनगरला एमजीएमचं अंतराळ विज्ञान केंद्र आहे, पुण्यात १९४४ पासूनची ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. तिथं शिकायला मिळतं, ते वेगळं महत्त्वाचं.

परभणी-हिंगोलीच्या बाजूला असाल तर १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव बघायला आबांच्या रानात या. त्याला दुर्बीण लागत नाही, बाज आहे, पडून बघायचं. स्वेटर, कानटोपी आणा. बॅटरी आणणार असाल तर काचेवर लाल जिलेटीन कागद लावून आणा, पांढरा उजेड पडला की मिस्त्री बोलतात. आणि त्या आठवड्यात लाईट रात्रीची असली तर खोरं धरावं लागेल, जुने बूट घालून या.